दुखरी टाच आणि सोसण्याचा प्रश्न

दुखणे लहान असेल तर त्याविषयी फार बोलू नये, असा एक अलिखित नियम आपल्या घरांतून पाळला जातो. ताप आला तर माणूस अंथरुणावर पडतो, चार माणसे विचारपूस करतात, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून जातात. हाड मोडले तर प्लास्टर सर्वांना दिसते. परंतु टाच दुखते हे कोणाला सांगावे? ऐकणारा म्हणतो, "अहो, वय झालं आता," आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. आम्हीही आजवर असेच वळत आलो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमची स्वतःची उजवी टाच दुखू लागली तेव्हा मात्र वळता येईना. बिछान्यातून उठून कोठेही वळायचे तर जे पहिले पाऊल टाकावे लागते, तेच टाकवेना.

ज्यांनी हे दुखणे भोगले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. रात्रभर काही नसते. पहाटे पाय जमिनीला लागतो आणि टाचेच्या खाली, जरा आतल्या अंगाला, कोणी खिळा ठोकावा तशी कळ निघते. पलंगाच्या दांडीचा, मग भिंतीचा आधार घेत न्हाणीघरापर्यंत गेले की दहा-पंधरा पावलांत ती ओसरते. माणसाला वाटते, गेली. दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी ती परत हजर. आणि घटकाभर खुर्चीत बसून उठले की पहिल्या पावलाचा हिशेब नव्याने चुकवावा लागतो. आपल्या भाषेत कर्ज थकविणाऱ्याच्या मालमत्तेवर 'टाच' येते. या दिवसांत तो शब्द आम्हांस वारंवार आठवे. घर आपले, घरातील वस्तू आपल्या, आणि पाच पावलांवरच्या खिडकीपर्यंत जायलाही जणू कोणाची तरी परवानगी काढावी लागते.

आम्ही ३१ वर्षे शाळेत शिकविले, आणि ती सर्व उभ्याने शिकविली. वर्गात खुर्चीवर बसून शिकविणाऱ्या शिक्षकाविषयी आमच्या मनात एक तिटकारा असे. तो आम्ही लपवूनही ठेवीत नसू. बेळगावातील आमचे वडिलार्जित घर पूर्वी शेणाने सारवलेले होते. मग शहाबादी फरशी आली, आणि मुलांनी हौसेने ती काढून गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसविल्या. सारवलेली जमीन पावलाला थोडी तरी सामावून घेते. टाइल काहीच घेत नाही, सगळे टाचेला परत करते. निवृत्तीनंतर प्रकृतीसाठी म्हणून झिजलेल्या चपला घालून कॅम्पातल्या रस्त्यांवर रोज पाऊण तास चालण्याचा क्रम आम्ही सुरू केला. हे सर्व एकत्र ठेवले म्हणजे टाच का दुखली असे विचारण्यापेक्षा ती इतकी वर्षे गप्प कशी राहिली, असेच विचारावे लागेल.

पाच महिने आम्ही कोणाला काही सांगितले नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टाचेवर एका ठिकाणी अंगठ्याने दाबले, आम्ही ओरडलो, आणि तेवढ्यावर निदान झाले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या आतून एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. त्याला वैद्यकात प्लँटर फॅशिया म्हणतात आणि या दुखण्याला प्लँटर फॅसायटिस. पायाची कमान धनुष्य मानली तर हा पट्टा म्हणजे तिची दोरी. दर पावलाला ती ताणली जाते. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते, दोरी आखडते, आणि सकाळी अंगाचा सगळा भार एकदम तिच्यावर येतो. म्हणून पहिले पाऊल सर्वांत कठीण.

'टाचेचे हाड वाढले' म्हणून दुखते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. एक्स-रे काढला तर हाडाला काट्यासारखे टोक आलेले कित्येकदा दिसतेही. परंतु ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेत ते टोक सापडते, आणि दुखणाऱ्यांपैकी अनेकांना ते नसते. म्हणजे दुखण्याचे खापर त्या टोकावर फोडता येत नाही. नावातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह. पण जुन्या दुखण्यात शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले तेव्हा दाहाऐवजी झीज आढळली. नेसून नेसून साडीचा काठ विरतो, तसे तंतू विरलेले. हे ऐकून आम्हांस थोडे बरे वाटले. बाहेरून कोणी शत्रू शिरलेला नव्हता. आमच्याच उभे राहण्याची ती नोंद होती.

आपल्या प्राचीन वैद्यांनाही हे दुखणे परके नव्हते. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' नावाचा व्याधी सांगितला आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने तो होतो असे तेथे म्हटले आहे. कंटक म्हणजे काटा. पौल प्रेषितानेही आपल्या न जाणाऱ्या दुखण्याला काट्याचीच उपमा दिली. ते दुखणे कोणते याविषयी टीकाकारांत एकमत नाही, आणि ते टाचेचे होते असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही! पण सोसण्याचा धडा देताना त्याचे नाव घेणारे एक गोष्ट हळूच गाळतात. ते दुखणे जावे म्हणून त्याने आधी विनवणी केली होती, आणि तीही एकदा नव्हे, तीनदा.

आता उपायांविषयी. ते इतके साधे आहेत की फी देऊन ऐकताना फसल्यासारखे वाटते. सकाळी पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी पलंगावरच बसून दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावे आणि हाताने बोटे नडगीकडे ओढावीत; तळव्यातली दोरी ताठ झालेली दुसऱ्या हाताला लागली पाहिजे. दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, सोडावे, असे दहा वेळा. आणि दिवसातून तीनदा. दुसरे, भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरी ताणावी. कारण पोटरी आखडली की टाचेवरचा ताण वाढतो. तिसरे, घरातसुद्धा अनवाणी चालू नये. मऊ आणि कमानीला आधार देणारी चप्पल घालावी. फार उभे राहणे झाले असेल तर पाण्याची बाटली बर्फासारखी गोठवून तिच्यावर तळवा फिरवावा. वजन जास्त असेल तर ते उतरवावे. हा सल्ला सर्वांना ठाऊक असतो आणि सर्वांना राग आणतो.

गरम विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच शेकण्याचा घरगुती उपाय आम्हांस एकाच रविवारी उपासनेनंतर सहा जणांनी सांगितला. शेकाने थोडा वेळ आराम वाटतो हे खरे. परंतु मधुमेह्याच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, त्याला चटका बसल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. त्याने या विटेच्या वाटेला जाऊ नये. स्टिरॉइडचे इंजेक्शन दुखणे लवकर कमी करते, पण तो आराम फार काळ टिकत नाही, आणि पट्टा तुटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी विरळ होण्याचा धोका असतो. ते डॉक्टरांच्या विचारानेच घ्यावे. टाच सुजली, लाल झाली, मुंग्या येऊ लागल्या, रात्री पडल्या पडल्याही दुखू लागली, किंवा तरुण माणसाची टाच आणि कंबर दोन्ही सकाळी आखडू लागली, तर हे दुखणे निराळे असू शकते. घरी उपाय करीत बसू नये.

या सर्वांत एक उपाय आम्हांस विशेष विचार करायला लावणारा वाटला. डेन्मार्कमधील संशोधकांनी ४८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांनी नेहमीचे ताण देण्याचे व्यायाम केले. बाकीच्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, एका पायावर टाच सावकाश उचलली आणि सावकाश खाली आणली: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंद खाली, एक दिवसाआड, हळूहळू पाठीवर ओझे वाढवीत. तीन महिन्यांनी भार उचलणाऱ्यांना अधिक आराम होता. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच. म्हणजे विरलेल्या पट्ट्याला नुसती विश्रांती पुरेशी होत नाही, आणि पूर्वीसारखाच राबवीत ठेवूनही चालत नाही. त्याला भार हवा, पण मोजलेला, आणि दोन भारांमध्ये एक मोकळा दिवस हवा. शिवाय वेळ हवा. दर दहा माणसांमागे एकाला तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा हे दुखणे होते, आणि त्यांतील बहुतेकांना वर्षभरात उतार पडतो असे सांगतात. वर्षभर म्हणजे साडेतीनशेहून अधिक पहिली पावले.

पलंगावर बोटे ओढीत बसलेले असताना आम्हांस प्रथम शंका आली ती आमच्याच सोसण्याविषयी. पाच महिने आम्ही गप्प राहिलो त्याला आम्ही मनात सहनशीलता म्हणत होतो. आपल्या समाजात या गुणाला मोठा मान आहे. आमच्या आईच्या पिढीतील स्त्रियांची तर यासाठीच आठवण काढली जाते. "कधी हूं की चूं केलं नाही," हे आपण स्मृतिलेखांत किती वेळा वाचतो! पण आमच्या गप्प राहण्यात सहनशीलता किती आणि 'म्हातारा झाला' असे कोणी म्हणू नये ही धडपड किती, याचा हिशेब मांडला तेव्हा दुसरी बाजू जड निघाली. शिवाय ते दुखणे आम्ही एकट्याने सोसले असेही नाही. टाच दुखते असे न सांगता आम्ही चहा गार झाल्याबद्दल बोललो. नातवाने पेला सांडला त्या दिवशी आम्ही जे ओरडलो ते सांडलेल्या दुधाच्या मानाने फार होते. लपविलेले दुखणे दुसऱ्या नावाने घरभर फिरत होते, आणि ज्यांना ते सोसावे लागत होते त्यांना आपण काय सोसतो आहोत हेही ठाऊक नव्हते.

यावर कोणी म्हणेल, शेजारी कर्करोगाने आजारी असताना टाचेचे गाऱ्हाणे सांगायला लाज वाटली पाहिजे. बरोबर आहे, त्या शेजाऱ्याच्या उशाशी बसून टाचेविषयी बोलू नये एवढा पोच माणसाला असावा. परंतु मोठ्या दुखण्याचे माप लावून लहान दुखणे पुसून टाकता येत नाही. तसे केले तर जगात एकट्या सर्वांत दुःखी माणसालाच बोलण्याचा अधिकार उरेल. याउलट दोषही आम्ही केला आहे, तोही कबूल करतो. डॉक्टरांकडून आल्यावर महिनाभर आम्ही दुसरे काही बोललोच नाही. भेटेल त्याला प्लँटर फॅशिया समजावून सांगितला. एका रविवारी स्तुतिगीताला सर्व मंडळी उभी असता आम्ही बसून राहिलो, आणि उपासना संपल्यावर, कोणी विचारले नसतानाही, का बसलो ते आठ जणांना सांगितले. पूर्वी दुखणे लपवून आम्ही स्वतःकडे पाहत होतो, आता सांगून पाहत होतो, इतकाच फरक.

आमची नजर दुसरीकडे वळली ती आमच्या गुणाने वळली नाही. आमच्याकडे गेली नऊ वर्षे धुण्याभांड्याला एक मावशी येतात. वय पन्नाशीच्या घरात. एका सकाळी आम्ही भिंत धरून स्वयंपाकघरात शिरलो. मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून आमच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, पायाकडे पाहिले.

"सर, टाच काय?"

"होय. तुम्हांला कसं कळलं?"

"उठल्या उठल्या पहिलं पाऊल टाकताना जीव जातोय बघा. मग चालून चालून कमी येतंय. मला आठ वर्सं झाली की."

"आठ वर्षं? आणि कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं सर त्यात? टाच हाय, दुखणारच." आणि त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

आम्ही आमच्या खोलीत येऊन बसलो. त्यांनी आमची चाल एकदा पाहिली आणि दुखणे ओळखले. आम्ही त्यांची चाल नऊ वर्षे पाहत होतो, आमच्याच पांढऱ्या टाइल्सवर, त्याही अनवाणी. कारण त्यांच्या चपला दाराबाहेर राहतात. दर वर्षी पवित्र सप्ताहातील गुरुवारी शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा वाचला जातो, त्यावर प्रवचन होते, आणि बाहेर येऊन आम्ही ते प्रवचन कसे झाले याची चर्चा करतो. इतक्या वर्षांत एकदाही आम्ही कोणाच्या टाचेकडे पाहिले नव्हते.

मग आम्ही जे केले ते सांगण्यासारखे आहे, कारण ते बरेचसे फसले. आम्ही स्वतःसाठी आणली तशीच मऊ चप्पल मावशींसाठी आणली. ती दोन आठवडे खोक्यात राहिली. सौ.नी विचारले तेव्हा मावशी प्रथम म्हणाल्या, "घरात चप्पल कशी घालू बाई?" आग्रह केल्यावर खरे कारण बाहेर आले. त्या चार घरी कामाला जातात. "हितं घातली म्हणून बाकीच्या तीन घरांत टाच ऐकंल काय?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवले. बसून भांडी घासता येत नाहीत, निदान भाजी निवडताना बसावे म्हणून. त्या स्टुलावर त्यांची पिशवी बसू लागली. व्यायाम मात्र त्यांनी एका दिवसात उचलले, पायरीवर टाच उचलण्याचा प्रकार पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे तर मी रोज तीन मजले करतोय की."

त्यांचे चौथे घर तीन मजली होते. धुण्याच्या बादल्या घेऊन गच्चीपर्यंत जायचे. डॉक्टरांनी आम्हांस सांगितलेला पहिला उपाय म्हणजे उभे राहणे आणि चढउतार कमी करणे. आम्ही ते ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसलो. तोच उपाय मावशींनी करायचा तर त्यांना एका घराचा पगार सोडावा लागणार. तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही ज्याला विश्रांती म्हणतो ती विकतची वस्तू आहे, आणि आमच्या निवृत्तिवेतनातून तिची किंमत आपोआप वळती होत असल्यामुळे आम्हांस ती फुकट वाटते. घरात बोलून आम्ही मावशींचा पगार वाढविला. फार मोठे काही नव्हे. नऊ वर्षांत जेवढा वाढायला हवा होता तेवढाच. दुसऱ्या एका घरानेही वाढविला. महिनाभर विचार करून मावशींनी ते तीन मजली घर सोडले.

येथे ही गोष्ट संपली असती तर आम्हांस लिहायला संकोच वाटला नसता. पण त्या घरच्या बाईंनी सौ.ना गाठून स्पष्ट सांगितले, "तुम्ही लोक दर वाढवून ठेवता आणि आमची पंचाईत करता." त्यांचेही घर मोठे, सासू अंथरुणाला खिळलेली; त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पंधरा दिवसांत त्यांना दुसरी बाई मिळाली, मावशींपेक्षा कमी पगारात. आता त्या बादल्या ती वर नेते. तिचे वय, तिची टाच, तिची किती घरे, आम्हांस काहीही ठाऊक नाही. दुखणे कमी झाले की एका पायातून दुसऱ्या पायात गेले? एका घराने भले करायचे ठरविले तर त्या भल्याची मर्यादा त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतच असते काय?

या प्रश्नात असतानाच एका लग्नासाठी साड्या घ्यायला आम्हांस खडेबाजारात जावे लागले. लहानपणी वडिलांबरोबर कापडाच्या दुकानात जायचो तेव्हा आत पांढरीशुभ्र गादी असे. गिऱ्हाईक तीवर बसे, आणि दुकानदारही समोर मांडी घालून बसे. थाने उलगडली जात ती दोघांच्या मधल्या जागेत. परवाच्या दुकानात काचेची कपाटे, लांब काउंटर, आमच्यासाठी गोल स्टुले. आम्ही टाचेमुळे लगेच बसलो. पलीकडे चार मुली उभ्या होत्या. दीड तासात आम्ही साठेक साड्या पाहिल्या असतील. त्या मुली बसल्या नाहीत, कारण पलीकडच्या बाजूला बसायला काही नव्हतेच. एकीने काउंटरखाली एक पाय सँडलमधून काढून दुसऱ्या पावलावर ठेवला होता. आम्ही तसेच करतो म्हणून ते ओळखू आले.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली कायदा करून दर तीन स्त्री विक्रेत्यांमागे निदान एक आसन ठेवण्याची सक्ती दुकानदारांवर करण्यात आली होती. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून सोय असावी, असे लिहिले गेले. दुकानांतील मुलींना मात्र त्यासाठी फार थांबावे लागले. केरळात कोझिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या स्त्रियांना एकत्र केले. त्यांच्या मागण्या ऐकून संकोच वाटावा इतक्या साध्या होत्या: लघवीला जाता यावे, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसता यावे. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क मान्य केला. २०२१ साली तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. कायद्याने स्टूल येते. त्यावर बसणाऱ्या मुलीकडे मालक कोणत्या नजरेने पाहतो ते कायद्याला दिसत नाही. तरीही स्टूल आले हे थोडे नव्हे, आणि ते एका दयाळू मालकाच्या दुकानात न येता सगळ्याच दुकानांत आले, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. कोणा एका दुकानदाराची पंचाईत झाली नाही, आणि एकीची टाच दुसरीच्या वाट्याला गेली नाही.

पण घर हे दुकान नव्हे. मावशींसारख्या बायका ज्या ओट्यांपाशी उभ्या असतात तेथे या दुरुस्त्या पोचत नाहीत. तेथे घरमालक आम्हीच, आणि ज्याच्याकडे दाद मागायची तेही आम्हीच. म्हणून पुढच्या महिन्यात स्त्रीमंडळाच्या बैठकीत सौ. एक गोष्ट मांडणार आहेत: आपल्या मंडळीतील जेवढ्या घरी कामाला बाई येते तेवढ्यांनी पगार आणि आठवड्याची सुटी यांविषयी एकत्र बसून काही ठरवावे, आणि घरात घालायची एक चप्पल प्रत्येक घराने ठेवावी. 'दर वाढवून ठेवता' म्हणणाऱ्या बाईही त्या बैठकीला असतील. काय होईल सांगता येत नाही. चपलेच्या मुद्द्यावर अधिक विरोध होईल असा सौ.चा अंदाज आहे. पैशापेक्षा ती गोष्ट लोकांना जड जाते.

आमची टाच आता अकरा महिन्यांची झाली. पहिले पाऊल अजून टोचते, पण भिंत धरावी लागत नाही. मावशींची आठ वर्षांची आहे. ती इतक्यात जाईल अशी आशा त्यांनाही नाही, मात्र संध्याकाळची कळ कमी आहे असे त्या सांगतात. खोक्यातली चप्पल गेल्या महिन्यात बाहेर आली. आमच्याकडे त्या ती घालतात आणि जाताना दाराशी नीट पुसून ठेवतात.

काल सकाळी त्या भाजी निवडायला बसणार होत्या, तीही नेहमीप्रमाणे जमिनीवर. स्टुलावर पिशवी होती. आम्ही काही बोललो नाही. पिशवी उचलली आणि खुंटीला अडकविली.